देवी म्हणू नका, सोबत द्या!

हल्लीच्या नर्सेस टिकत नाहीत, ही तक्रार आता इतकी सार्वत्रिक झाली आहे की, ती करणाऱ्याला पुरावा विचारण्याची तसदीही कोणी घेत नाही. नवी मुलगी नोकरीला लागते, दोन महिने काढते आणि तिसऱ्या महिन्यात गाशा गुंडाळून घरी जाते. मग रुग्णालयांचे चालक, निवृत्त डॉक्टर आणि वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणारे ज्येष्ठ नागरिक एकमुखाने निकाल देतात की, आजकालच्या मुलींना कष्ट नकोत, सेवाभाव उरला नाही, हातात मोबाइल आला आणि अंगातले पाणी गेले. मला हा निकाल मान्य नाही. तो खोटा आहे आणि देणाऱ्यांच्या सोयीचा आहे. सोयीचा आहे म्हणूनच तो इतका चालतो.

मी डॉक्टर नाही की नर्स नाही. दहावीपर्यंत शिकलेली, एका खाजगी शाळेच्या बालवर्गावर शिकवणारी आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारी बाई आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी गेल्या वर्षी नर्स झाली आणि नोकरीचे पहिले सहा महिने तिने माझ्या घरी राहून काढले. तिचे नाव, रुग्णालयाचे नाव, शहराचे नाव यांपैकी काहीही मी येथे सांगणार नाही. तिला अजून नोकरी करायची आहे. फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकांच्या तोंडाची चव थोडी बिघडेल, याबद्दल मात्र आधीच क्षमा मागते. चकली पुढच्या लेखापर्यंत राहू द्यावी.

दर वर्षी १२ मे आला की, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिवशी ठिकठिकाणी समारंभ होतात. फोटोला हार, पणती, गुलाबाचे एकेक फूल, आणि अध्यक्षांचे भाषण. या भाषणात ‘देवी’, ‘माऊली’, ‘त्याग’ आणि ‘दिव्याची ज्योत’ हे चार शब्द आलेच पाहिजेत असा जणू दंडक आहे. बिचाऱ्या नाइटिंगेलबाई! १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ बायका बरोबर घेऊन त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, त्या काही नुसता कंदील हातात धरायला नव्हे. बाई हिशेबाच्या पक्क्या होत्या. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीने व रोगाने मेले याचे आकडे त्यांनी मांडले, आकृत्या काढल्या, आणि सरकारच्या नाकाला फडके बांधण्याची वेळ आणली. स्वच्छ चादरी, धड स्वयंपाकघर, वाहती गटारे आणि पुरेशी माणसे हे त्यांचे मागणे होते. आमच्या वक्त्यांनी त्यातला कंदील तेवढा उचलला, कारण कंदिलाला खर्च येत नाही.

आता पहिल्या महिन्यांत प्रत्यक्ष काय होते ते पाहू. या गोष्टी बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाहीत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, परीक्षा देऊन, परिषदेत नाव नोंदवून मुलगी वॉर्डात उभी राहते. पुस्तकात तिने वाचलेले असते की, औषध देताना पाच गोष्टी तपासाव्यात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाचही गोष्टी तिला तोंडपाठ असतात. पण पुस्तकात रुग्ण एक असतो. माझ्या भाचीला तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी मिळाली, तेव्हा तिच्या वाट्याला २८ रुग्ण होते आणि मजल्यावर ती एकटी होती. दुसरी सिस्टर खालच्या मजल्यावर, तिच्याकडेही तेवढेच. मदतीला एक मामा, ते ऑक्सिजनचे सिलिंडर आणायला गेले की अर्धा तास गायब. (रुग्णालयात मदतनीस पुरुषाला मामा आणि बाईला मावशी म्हणतात. तिने फोनवर मला ‘मावशी’ म्हणून हाक मारली की, तिच्या वॉर्डातल्या मावशी ‘काय गं?’ म्हणून ओ देत. नात्यांची नावे वाटण्यात आपला समाज मोठा उदार आहे. ‘सिस्टर’ हेही त्यातलेच.)

रात्री आठला ती ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून प्रत्येक रुग्णाची हकीकत समजून घ्यायची. कोणाचे सलाईन किती वाजता संपणार, कोणाला रक्त चढते आहे, कोणाची लघवी मोजायची, कोणाला सकाळी ऑपरेशनला न्यायचे म्हणून पाणीही द्यायचे नाही. हे सगळे २० मिनिटांत. घरी जाणारी सिस्टर १२ तास उभी राहिलेली, तिची शेवटची बस जाणारी. ती भराभर सांगते. नवी मुलगी भराभर लिहिते. मग सुरू होते ते ट्रॉली ढकलणे. एका खाटेवर ताप आणि रक्तदाब टिपेपर्यंत दुसरीकडून हाक येते, ‘सिस्टर, सलाईन संपलं!’ तिकडे जावे तो तिसरीकडे म्हातारे गृहस्थ खाटेवरून उतरायला निघालेले. कोपऱ्यातला नातेवाईक मोबाइलवर व्हिडिओ काढतो आहे, ‘बघा, किती वेळ झाला, कोणी येत नाही.’ डॉक्टर फोनवर औषध सांगतात; ते ऐकून लिहायचे, आणि उद्या त्यांनी ‘मी असे सांगितलेच नव्हते’ म्हटले तर मुलीने काय करायचे, याचे उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही.

एक उदाहरण देते. मला ते तिनेच समजावले आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाही. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. एकीची टोपी लाल, दुसरीची नारिंगी. शंभराच्या बाटलीतले औषध चाळिसाच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच खुणेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट होते. मी बालवर्गाला गणित शिकवीत नाही, पण मधुमेहाच्या रुग्णाला अडीचपट इन्सुलिन म्हणजे काय, हे मलाही कळते. ही बाटली मुलगी पहाटे साडेपाचला हातात घेते, रात्रभर बूड न टेकता, २८ जणांची यादी डोक्यात ठेवून. मी फळ्यावर ‘ळ’ उलटा काढला तर डस्टर आहे.

तिच्या हातून काही भलते झाले नाही, हे मुद्दाम सांगते. पण भलते होईल या भीतीने त्या मुलीची जी दशा झाली, ती मी रोज सकाळी पाहिली. नऊ वाजता घरी येई, पायांना सूज, मोजे काढले की खोल वळ. आंघोळ करून जेवायला बसे, आणि घास हातात धरून एकदम थांबे. ‘मावशी, १४ नंबरचं दुपारचं इंजेक्शन मी ओव्हरमध्ये सांगितलं का गं?’ मग फोन. मग ‘सांगितलं होतंस, झोप आता’ असे उत्तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाळीच्या वेळी लघवीला जाणे जमत नाही म्हणून पाणीच पीत नसे. आणि दिवसभर दुसऱ्यांच्या लघवीची मापे लिही. झोपेत घंटी ऐकू आली म्हणून दोनदा उठून दारापर्यंत गेली. आमच्याकडे घंटी नाही, कडी आहे.

पहिला मृत्यू तिने दुसऱ्या महिन्यात पाहिला. शिकताना पाहिले होते, पण तेव्हा शेजारी शिक्षिका उभी होती. या वेळी नळ्या काढणे, डोळे मिटणे, हनुवटीला पट्टी बांधणे, चादर घालणे, कागद भरणे, सगळे तिनेच केले. बाहेर मुलीचा आक्रोश चालू होता. चादर घालून मागे वळली तर समोरच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, ‘सिस्टर, आमचा चहा?’ तिला त्यांचा राग आला नाही. मला आला. ती म्हणाली, ‘त्यांना साखर खाली गेल्यासारखं वाटत होतं, मावशी. द्यायलाच हवा होता.’ तेव्हा सेवाभाव उरला नाही म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या ओसरीवर येऊन बसावे.

ही काही एकट्या माझ्या भाचीची कहाणी नाही, आणि हे दुखणे आपल्याच देशातले आहे असेही नाही. मार्लीन क्रेमर नावाच्या अमेरिकन विदुषीने १९७४ साली या विषयावर एक आख्खे पुस्तक लिहिले. शाळेत शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डात चालणारी नर्सिंग यांच्यातल्या खड्ड्यात नवी मुलगी कशी पडते आणि मग धंदाच कसा सोडते, हा त्याचा विषय. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी नर्स तरबेज कशी होते, त्याच्या पाच पायऱ्या दाखवल्या. नियम पाठ करून कोणी तरबेज होत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहून, अनेक रुग्ण पाहून होते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या आज्यांनी पुरणपोळी अशीच शिकवली. त्याला विलायती नाव नव्हते, एवढेच.

सगळा मुद्दा या ‘शेजारी’ शब्दात आहे. नव्या मुलीला पहिल्या तीन महिन्यांत एक जाणती नर्स शेजारी हवी. तिने काम करून द्यायचे नाही. फक्त आवाजाच्या टप्प्यात असायचे. माझ्या भाचीला चौथ्या महिन्यात अशी एक मिळाली. केरळकडच्या, पन्नाशीच्या, मोडके मराठी बोलणाऱ्या. मुंबई-पुण्याची इस्पितळे गेली कित्येक दशके ज्या केरळी सिस्टरांनी तोलून धरली, त्यांतल्याच. एका म्हातारीच्या हाताला शीर सापडत नव्हती. मुलीने दोनदा टोचले होते, म्हातारी रडत होती, मुलगीही रडण्याच्या बेतात होती. या सिस्टरनी ऊन पाण्यात पिळलेला टॉवेल त्या हाताला गुंडाळला, पाच मिनिटे थांबल्या आणि म्हणाल्या, ‘डोळ्याने नको शोधू. बोटाने शोध.’ सुई मुलीलाच लावायला दिली. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली आणि झोपली. फोन केला नाही. तीन वर्षांचे शिक्षण आणि तीन महिन्यांची तडफड यांच्यामध्ये एवढाच अडसर होता!

परंतु अशा सिस्टर मिळणे हा नशिबाचा भाग आहे. कारण दुसऱ्याही असतात. ‘आम्हाला कोणी शिकवलं? आम्ही रडत रडतच शिकलो’ म्हणणाऱ्या. हे तर्कशास्त्र आपल्या ओळखीचे आहे; सासूने मला छळले म्हणून मी सुनेला छळणार. घराघरांतून त्याची पुरेशी निंदा आपण करून झालो, नाटके लिहून झालो. वॉर्डात मात्र त्यालाच शिस्त म्हणायचे! अर्थात त्या बायकांनाच दोष देऊन मी मोकळी होणार नाही. स्वतःच्या ३० खाटा सांभाळून नवीला शिकवायला हात चार लागतात.

आता थोडा हिशेब, नाइटिंगेलबाईंना स्मरून. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे की, शिकवणीच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक, शिवाय रजेच्या सोयीसाठी ३० टक्के जादा. याचा मालकांना सर्वांत सोयीचा अर्थ लावू, म्हणजे तिन्ही पाळ्या मिळून हा आकडा धरू. तरीही एका पाळीत १५ रुग्णांमागे एक बाई येते. २८ कोणत्या गणिताने आले? पगाराचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने सांगितले की, ५० पेक्षा कमी खाटांच्या लहानशा खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकेच द्यावे. शिफारस ती, अंमल राज्यांकडे सोपवलेला. माझ्या भाचीच्या हातात महिन्याला ११,००० पडत होते, आणि मूळ प्रमाणपत्रे कार्यालयाच्या कपाटात ‘सुरक्षित’ ठेवलेली. मुलगी पळून जाते अशी ज्यांची तक्रार, त्यांनी तिचे कागद कुलपात का ठेवावेत? राहावेसे वाटेल असे काही त्यांच्यापाशी नाही, हे त्यांना ठाऊक असते म्हणूनच ना?

आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, लहानसे नर्सिंग होम चालवतात, माणूस सरळ आहे. ते म्हणाले, ‘बाई, दोन नर्सेस ठेवल्या तर बिल वाढेल, आणि बिल वाढलं की तुम्हीच लोक खाली काउंटरवर भांडता.’ हे खरे आहे. आपण भांडतो. खोली वातानुकूलित आहे का, टीव्ही आहे का, जेवण घरून चालेल का, हे सगळे आपण दाखल होताना विचारतो. रात्री या मजल्यावर नर्सेस किती, हा प्रश्न विचारणारा माणूस मी अजून पाहिला नाही. लग्नाच्या हॉलला माणशी किती वाढपी लागतील, हे विचारणारे आपण लोक! डॉक्टरांचे गणित मला मान्य आहे, पण त्यातली एक ओळ ते गाळतात. दर तीन महिन्यांनी नवी मुलगी शोधायची, तिला पुन्हा पहिल्यापासून सगळे दाखवायचे, दरम्यान उरलेल्यांनी दुप्पट पाळ्या करायच्या, याचा खर्च कोणत्या खात्यात पडतो?

देवी म्हणणे मला एवढे का झोंबते, तेही सांगते. देवीला पगार लागत नाही, झोप लागत नाही, आणि पाठीशी कोणी लागत नाही. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण गच्च्यांवर उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत नर्सेसना घर सोडा म्हणणारे घरमालकही निघाले. आणि काही विपरीत घडले की हीच देवी एकदम आरोपी होते. ६ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली; त्या दिवशीच ११ रुग्ण दगावले. वरिष्ठांचे निलंबन झाले, हे खरे. पण तीन दिवसांनी पोलिसांनी अटक केली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. कोण दोषी, हे ठरवणारी मी कोण? ते न्यायालयाचे काम. मी फक्त इतकेच पाहते की, अशा वेळी बेड्यांचे माप बरोबर कोणाच्या हाताचे निघते.

अरुणा शानबाग यांचे नाव घेताना आजही हात थांबतो. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात, ड्यूटी संपवून कपडे बदलताना, तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. १८ मे २०१५ पर्यंत, तब्बल ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांना सांभाळले ते तिथल्या नर्सेसनी. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवून. त्यांना दुसरीकडे हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नर्सेस आड उभ्या राहिल्या. सोबत म्हणजे काय, हे त्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. पण मला कळत नाही ते हे की, कपडे बदलायला कडी असलेली खोली मिळावी, हे मागणे इतक्या वर्षांनंतर माझ्या भाचीला अजून का करावे लागते? औषधांच्या खोक्यांमागे, मैत्रिणीला राखणीला उभी करून ती साडेतीन महिने कपडे बदलत होती.

आणि घरातली गोष्ट? नर्सचे शिक्षण घेतलेल्या मुलीचे स्थळ आले की अजून नाके मुरडणारी घरे मला ठाऊक आहेत. ‘रात्रपाळी असते हो, घराचं कसं होणार?’ शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी विधवा बायकांना नर्सिंग शिकायला पाठवले, तेव्हाही पुण्यातले लोक हेच म्हणत होते. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी पोराला उचलून दवाखान्यात आणतात, त्यांना लागण होते आणि १० मार्चला त्या जातात. त्यांच्या पुतळ्याला आपण दर वर्षी हार घालतो, आणि मुलीच्या पत्रिकेत व्यवसाय ‘नर्स’ दिसला की पत्रिका जुळत नाही म्हणून परत पाठवतो. तीच मुलगी जर्मनीला निघाली की मात्र सगळे गुण जुळतात!

भाचीने ते रुग्णालय सहाव्या महिन्यात सोडले. म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्या यादीत तीही गेली, ‘न टिकलेली’. कागद परत मिळवायला तिच्या वडिलांना चार हेलपाटे पडले. आता ती दुसरीकडे आहे, केरळच्या त्या सिस्टरनी सांगितलेल्या ठिकाणी. पगार फार नाही. पण पहिले तीन महिने नव्या मुलीला एकटीला रात्रपाळी द्यायची नाही, असा तिथे नियम आहे, आणि तो पाळतात. ती तिथे आठ महिने आहे. गेल्या महिन्यात तिच्या हाताखाली दोन नव्या मुली दिल्या आहेत. त्यांच्याविषयी ती घरी येऊन पुष्कळ बोलते, एकीला शीर पटकन सापडते म्हणून कौतुक, दुसरी ओव्हर लिहिताना वेळ टाकायला विसरते म्हणून कुरकुर.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची ड्यूटी आहे. सणाच्या पाळ्या नव्यांच्याच गळ्यात पडतात, त्यात तो नियमही काही करू शकत नाही. मी करंज्यांचा डबा भरून ठेवला आहे, तीन जणींना पुरेल एवढा.